तळहाताआडची ज्योत

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या अनेक मराठी घरांत दिवाणखान्याच्या भिंतीवर एक स्त्री दिवा घेऊन उभी असते. एका हातात दिवा, त्यावर दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड आणि त्या उजेडात न्हालेला चेहरा. चित्र कुणाचं, असं घरातल्या कुणालाही विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘राजा रविवर्मा’. फ्रेमच्या दुकानात मिळणाऱ्या प्रतींवरही कित्येकदा हेच नाव छापलेलं असतं.

रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ रोजी वारले. हे चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, १९४५-४६च्या सुमारास रंगवलं गेलं. चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२, गाव सावंतवाडी, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९०८मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि १९१८मध्ये स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी ते एक होते. चित्राचं नाव ‘ग्लो ऑफ होप’. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. रविवर्म्यांचं अकरा स्त्रियांचं प्रसिद्ध वादकवृंदाचं चित्रही त्याच दालनात असल्यामुळे नावांची सरमिसळ होणं अगदी स्वाभाविक आहे.

नावाची दुरुस्ती करून इथे थांबता आलं असतं. पण रविवर्मा तैलरंगांत रंगवत आणि हे चित्र जलरंगात आहे. ते तैलरंगातलं समजून पाहिलं, तर त्यातला भाव कसा निर्माण झाला हे कळण्याची वाटच बंद होते. स्त्रीच्या व्यक्तिचित्राबद्दल बोलताना आपण लगेच डोळे आणि ओठ वाचायला लागतो. ती कुणाची तरी वाट पाहते आहे, ती समाधानी आहे, तिच्या मनात आशा आहे, असं म्हणतो. त्यातली ‘आशा’ तर आपल्याला चित्राच्या नावानेच आयती पुरवलेली असते. माझं म्हणणं असं, की चेहऱ्यावरून मनाचा अंदाज बांधण्याआधी चित्रकाराने काय काय केलं ते पाहावं. उजेड कुठून आणला, काय झाकलं, कुठली कड स्पष्ट ठेवली आणि कुठली बुडवली, हे पाहावं. भाव म्हणून जे आपल्याला जाणवतं, ते या निर्णयांतून तयार झालेलं असतं.

याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. चित्राची छापील प्रत समोर ठेवा आणि अंगठ्याने तिचा चेहरा झाका. चित्रातली ऊब आणि जपणूक तशीच राहते. आता चेहरा मोकळा करा आणि दिव्यावरचा हात झाका. उरते ती एक सुंदर, पण काहीशी नेहमीच्या धाटणीची मुद्रा. या चित्राचा भाव हातात आहे, चेहरा त्या हाताकडून उजेड घेतो.

हे कसं साधलं, ते समजायला दिव्याच्या उजेडाचा स्वभाव पाहावा लागतो. छोट्या ज्योतीचा उजेड अंतर वाढेल तसा फार झपाट्याने ओसरतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई, तिप्पट झालं की नवव्या हिश्शाइतका. समजा, तळहात ज्योतीपासून तीन इंचांवर आहे, चेहरा फूटभर दूर आणि मागची भिंत तीन फुटांवर. मग तळहातावर पडणाऱ्या उजेडाचा सोळावा हिस्सा चेहऱ्यावर पडेल आणि भिंतीवर जवळजवळ एकशे चव्वेचाळिसावा. ज्योत स्वतः तर तळहातापेक्षाही कितीतरी प्रखर असते. उलट कागदाचा पांढरेपणा आणि त्यावर लावता येणारा सगळ्यांत गडद रंग यांच्यात उजेडाचा फरक जेमतेम वीस-तीस पटींचा असतो. म्हणजे दिव्याजवळचं दृश्य जसंच्या तसं कागदावर उतरवणं शक्यच नसतं. मोबाइलने निरांजनाचा फोटो काढताना हीच अडचण येते. ज्योतीला धरून उजेड मोजला तर आरती करणाऱ्या बाईचा चेहरा काळा पडतो, आणि चेहऱ्याला धरून मोजला तर ज्योतीच्या जागी पांढरा डाग उमटतो.

हळदणकरांनी ज्योत तळहाताआड ठेवली. दृश्यातली सगळ्यांत प्रखर जागा पाहणाऱ्याच्या डोळ्यांपासून दूर झाली. जी तीव्रता कागदावर मावणारच नव्हती तिची गरजच उरली नाही, आणि कागदाचा सगळा पांढरेपणा बोटांच्या कडा, चेहरा आणि गळा यांच्यासाठी राखता आला. तांत्रिक अडचणीतून काढलेली ही वाट आहे. पण वाऱ्यापासून ज्योत जपणारा हात आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचा असल्याने ती अडचण कुणाच्या लक्षातही येत नाही. तंत्राला जे हवं होतं आणि भावाला जे हवं होतं, ते एकाच हाताने पुरवलं. या चित्रात मला सगळ्यांत मोठी वाटते ती ही गोष्ट.

त्या हाताचं आणखी एक काम आहे. चेहऱ्यावर फक्त खालून उजेड टाकला तर माणूस भेसूर दिसतो. हनुवटी आणि नाकाचा तळ उजळतो, कपाळ अंधारात जातं, डोळ्यांच्या वर उलट्या सावल्या पडतात. आपण जन्मभर चेहरे वरून येणाऱ्या सूर्यप्रकाशात पाहिलेले असतात, म्हणून उलटी सावली मनाला खटकते. नाटकात भुताच्या प्रवेशाला दिवे खालून लावतात ते याचसाठी. दिवा धरलेल्या स्त्रीच्या चित्रात हा धोका कायम असतो. इथे ज्योतीचा उजेड आधी तळहातावर आपटतो आणि तिथून परतून, पसरून चेहऱ्याकडे जातो. ज्योत हा बिंदू आहे, तर उजळलेला तळहात हा वीतभर रुंदीचा उजेडाचा पृष्ठभाग आहे. पृष्ठभागावरून येणाऱ्या उजेडाने सावल्यांच्या कडा मऊ होतात. गालावरून गळ्याकडे उतरताना उजेड कुठे तुटत नाही, तो विरघळत जातो. ‘शांत चेहरा’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या शांततेचा बराच मोठा वाटा या मऊ कडांचा असतो.

आणि तो बोटांचा तांबडा रंग. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा उजेड शोषून घेतं, लाल त्यामानाने पार जाऊ देतं. म्हणून टॉर्चवर हात ठेवला की बोटं लाल दिसतात. सतराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर याने सुतार संत जोसेफचं चित्र रंगवलं, ते आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात बाळ येशू मेणबत्ती धरून बसला आहे आणि त्याच्याही बोटांतून उजेड असाच पाझरतो. ला तूरचं चित्र तैलरंगातलं आहे. तैलरंगात गडद पार्श्वभूमीवर शेवटी फिक्या रंगाचा जाड फटकारा ठेवून चमक आणता येते, आणि चूक झाली तर खरवडून पुन्हा रंगवताही येतं.

पारदर्शक जलरंगाची शिस्त याच्या बरोबर उलट. तिथे पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. सगळ्यांत उजळ जागा रंगवायची नसते, ती सोडायची असते, आणि कुठे सोडायची हे पहिला हात देण्याआधी ठरलेलं असावं लागतं. फिक्याकडून गडदाकडे जायचं. एक पातळ थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसरा. ओल्या रंगात ओला रंग सोडला तर कडा पसरतात आणि वाळलेल्यावर दिला तर त्या धारदार येतात. एकदा गडद झालेला भाग पुन्हा पहिल्यासारखा उजळ होत नाही, ओल्या कुंचल्याने उचलला तरी कागदावर डाग उरतो. सकाळची समुद्रकिनाऱ्यावरची हवा, पावसाळी आभाळ, धुकं यांसाठी जलरंग सोयीचा, कारण तिथे फिकेपणाच हवा असतो. रात्र रंगवायला तो फार अवघड. गडद अंधारासाठी थरावर थर द्यावे लागतात आणि जरा चुकलं की अंधार मळकट होतो. हळदणकरांनी एवढं मोठं अंधाराचं चित्र जलरंगात करायला घेतलं, यात कसलेल्या हाताचा आत्मविश्वास आहे.

त्या धाडसाचं फळही जलरंगानेच दिलं. पातळ थरांतून उजेड कागदापर्यंत जातो आणि कागदावरून परत आपल्याकडे येतो. म्हणून चांगल्या जलरंगातली सावलीसुद्धा पूर्ण बंद नसते, तिच्या आत कुठेतरी कागद जागा असतो. उजेडाच्या झोतातली कातडी तर अक्षरशः आतून उजळल्यासारखी दिसते, कारण उजेड खरोखरच रंगाच्या मागून येत असतो. बोटांतून जाणारा उजेड आणि रंगातून जाणारा उजेड, या दोन्हींची रीत एकच. विषय आणि माध्यम यांचा असा मेळ क्वचित जमतो. हेच चित्र तैलरंगात केलं असतं तर बोटं चमकली असती, पण ती अशी पारदर्शक वाटली असती का, याची मला शंका आहे.

साडीचा जांभळट रंगही विचार करून घेतलेला दिसतो. तेलाच्या दिव्याच्या उजेडात पिवळा-नारिंगी भाग भरपूर आणि निळा जवळजवळ नसतोच. जांभळा हा पिवळ्याच्या समोरचा रंग. उजेडाजवळ तो तांबूस होत जातो आणि दूर सावलीत आपला थंडपणा राखतो. त्या थंडाव्याच्या शेजारी असल्यामुळे चेहऱ्याची ऊब आहे त्याहून अधिक भासते. मागच्या भिंतीवर तिची सावली पडली आहे. ती नसती तर ही स्त्री नुसत्या अंधारात तरंगली असती, सावलीमुळे तिच्यामागे घर उभं राहतं.

दिवा धरून उभी राहिली ती हळदणकरांची मुलगी गीता. पुढे त्या गीता उपळेकर म्हणून कोल्हापुरात राहिल्या आणि वयाची शंभरी पार करून २०१८मध्ये वारल्या. हे कळल्यावर चित्रात बापाची माया दिसते असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा असं मला वाटतं. माया होती याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही, पण ती आपल्याला चित्राबाहेरच्या माहितीतून कळली आहे. मुलगी समोर असण्याचा चित्रातून दिसणारा फायदा वेगळा आहे. हात उंचावून दिवा धरणं दमवणारं काम. काही मिनिटांत दंड भरून येतो, मनगट खाली येतं, ज्योत हलते आणि तिच्याबरोबर प्रत्येक सावली हलते. इतक्या चंचल गोष्टीचं इतकं स्थिर चित्र करायला चित्रकाराची स्मरणशक्ती लागते, तशी समोरच्या व्यक्तीची पुन्हा पुन्हा तसंच उभं राहायची तयारीही लागते. आडोशाच्या हाताची बोटं नीट पाहा. ती ताणलेली नाहीत आणि सैलही नाहीत. अनोळखी मॉडेलकडून असा सवयीचा हात मिळणं कठीण.

आता रविवर्म्यांकडे वळू, कारण त्यांचा मुंबईच्या उपनगरांशी असलेला संबंध खरा आहे आणि तो विसरला जातो. १८९४मध्ये त्यांनी घाटकोपरला चित्रं छापण्याचा छापखाना काढला. तेव्हाचं घाटकोपर मुंबई शहराच्या हद्दीबाहेर, ठाणे जिल्ह्यातल्या साष्टीत होतं. उपनगर जिल्हा व्हायला अजून पाव शतक अवकाश होता. जर्मन कारागीर आणि यंत्रं आणून तिथे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्राचा आभास देणारी रंगीत शिळाछपाई, सुरू झाली. शकुंतलेच्या जन्माचं चित्र तिथे पहिल्यांदा छापलं गेलं. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, आणि १८९९मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. लक्ष्मी-सरस्वतींच्या ज्या तसबिरी घरोघरी पोचल्या, त्यांची सुरुवात ही अशी.

रंगवलेल्या स्त्रीच्या चेहऱ्याचं या छपाईत काय होत असेल, याचा विचार भाव वाचायला शिकणाऱ्याने जरूर करावा. तैलचित्रात गालाचा उजेड सावलीत जाताना रंग ओला असतानाच एकमेकांत मिसळलेले असतात. शिळाछपाईत अशी मिसळण करता येत नाही. प्रत्येक रंगासाठी चुनखडीची वेगळी शिळा. मूळ चित्र पाहून कारागीर ठरवणार की या जागी पिवळा किती, गुलाबी किती, करडा किती. मग तेवढ्यापुरते ठिपके त्या त्या शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने काढायचे. चांगल्या कामाला दहा-बारा किंवा त्याहूनही जास्त शिळा लागत. त्या एकावर एक अचूक बसल्या पाहिजेत. केसभर सरकलं तरी ओठाचा लाल ओठाबाहेर जातो. शेवटी वॉर्निश आणि कॅनव्हासचा खोटा पोत.

या प्रवासात सगळ्यांत आधी बळी पडतात ते डोळ्यांखालचे आणि ओठांच्या कोपऱ्यांतले हलके करडे रंग. आणि नेमके तेच भावाचं घर असतात. लिओनार्दोच्या मोना लिसाच्या हसण्यावर इतकी शतकं बोललं जातं, त्याचं मुख्य कारण ओठांचे आणि डोळ्यांचे कोपरे त्याने धूसर सोडले आहेत. तिथे काय आहे ते प्रत्येक वेळी आपलं मन नव्याने भरतं. ओलिओग्राफमध्ये तो धूसरपणा ठिपक्यांत मोजावा लागतो, म्हणून कोपरा एकतर पुसला जातो किंवा ठाम होतो. छापील लक्ष्मीचा चेहरा निर्विकार दिसतो याचं एक कारण देवत्वाची कल्पना हे आहेच, पण शिळेची मर्यादा हेही तितकंच खरं कारण आहे. देवीला ते शोभून गेलं. व्यक्तिचित्राला ते परवडत नाही. म्हणून रविवर्म्यांच्या स्त्रियांच्या मनाबद्दल बोलताना आपण मूळ तैलचित्र पाहतो आहोत की त्याची छापील प्रत, हे आधी ठरवलं पाहिजे.

मूळ तैलचित्रांत रविवर्म्यांचा भाव बहुतेक वेळा गोष्टीतून आणि शरीराच्या वळणातून येतो. शकुंतला पायातला काटा काढायचं निमित्त करून मागे वळून पाहते, तिथे सगळी ओढ मानेच्या त्या वळणात आहे. उजेड मात्र सर्वत्र सारखा, दिवसाचा, साडीचा काठ आणि दागिने नीट दिसावेत असा. त्यांच्या चित्रात उजेड दाखवण्याचं काम करतो. हळदणकरांच्या चित्रात तो निवडण्याचं आणि लपवण्याचं काम करतो. एवढा एक फरक ध्यानात ठेवला तरी भिंतीवरचं चित्र कुणाचं नाही, हे ओळखता येतं.

उजेड निवडणारा आणखी एक चित्रकार मुंबईत हळदणकरांच्या आधी होऊन गेला, अंतोनियो झेवियर त्रिंदाद. जन्म १८७०, गोव्यातला, शिक्षण आणि अध्यापन जे. जे.मध्ये. पत्नी फ्लोरेंटिनाला समोर बसवून त्याने केलेली चित्रं पाहिली की ‘पूर्वेचा रेम्ब्रां’ असं त्याला का म्हणत ते कळतं. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह पणजीच्या फुंदासाओ ओरिएंत या संस्थेत आहे. गोव्याला जाणाऱ्यांनी समुद्रकिनाऱ्यांमधून एक सकाळ काढून तो पाहावा, एवढंच इथे सांगतो, कारण तैलरंगातली त्याची गडद तपकिरी छापील प्रतीत नुसती काळी दिसते आणि तिच्याबद्दल लिहून फारसं हाती लागत नाही.

उजेडाचा उगमच नसेल तर भाव कुठे शोधायचा? १९३५मध्ये अमृता शेरगिलने तीन मुलींचं एक तैलचित्र केलं. तिघी शेजारी शेजारी बसल्या आहेत, पण कुणी कुणाकडे पाहत नाही आणि आपल्याकडेही पाहत नाही. दिवा नाही, खिडकी नाही, नाट्यमय सावली नाही. अंगावरचे कपडे म्हणजे तांबड्या-हिरव्या रंगांचे मोठे, जवळजवळ सपाट तुकडे, आणि त्या सपाटपणात शरीरं जड झाली आहेत. मांडीवरचे हात काहीच करत नाहीत. इथेही चेहरे अंगठ्याने झाकून पाहा. खांद्यांचा उतार आणि रिकामे हात एवढ्यावरच त्यांच्या पुढ्यातलं आयुष्य जाणवत राहतं. हळदणकरांच्या चित्रातला हात कामात आहे, म्हणून त्या स्त्रीला ‘पुढे’ असं काही आहे. तिला पुढचं पाऊल टाकायचं आहे, ज्योत कुठेतरी पोचवायची आहे. शेरगिलच्या मुलींच्या हातांना काही काम नाही आणि त्यांचा निर्णय दुसरंच कुणीतरी घेणार आहे. हे कुठल्याही डोळ्यांत लिहिलेलं नाही. ते सपाट रंगाने आणि थांबलेल्या हातांनी सांगितलं आहे. याच चित्राला १९३७मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं, म्हणजे हळदणकरांनी दिवा रंगवण्याच्या आठ-नऊ वर्षं आधी, याच मुंबईत.